गाडी कुठे लावायची आणि ते ठरवतं कोण? सातारकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजपथ, खालचा रस्ता, पोवई नाका, मोती चौक इथल्या पार्किंगवरून आणि गल्लीबोळातल्या गतिरोधकांवरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. उदाहरणं साताऱ्याची आहेत, पण कायदा राज्यातल्या कुठल्याही नगरपालिकेच्या गावाला तोच लागू होतो. कराड, वाई, फलटणच्या मंडळींनी चौकांची नावं बदलून वाचलं तरी चालेल.

‘नो पार्किंग’ कोण ठरवतं? नगरपालिका की पोलीस?

नगरपालिकेत गेलं की ‘वाहतूक शाखेत जा’ म्हणतात, वाहतूक शाखेत गेलं की ‘पालिकेचा ठराव आणा’ म्हणतात. दोघांचंही अर्धं अर्धं खरं असतं.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ११७ सांगतं, की गाड्या कुठे आणि किती वेळ उभ्या राहाव्यात हे राज्य शासन किंवा शासनानं अधिकार दिलेली यंत्रणा ठरवेल, आणि ते स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवेल. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात भर घातली: जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांची सुरक्षितता आणि वाहतुकीचा सुरळीत प्रवाह यांना प्राधान्य द्यायचं.

व्यवहारात हे असं चालतं. शहर वाहतूक शाखा पाहणी करून अहवाल देते, नगरपालिका अभिप्राय किंवा ठराव देते आणि जिल्हा प्रशासनाच्या पातळीवर आदेश निघतो. पुण्यासारखं पोलीस आयुक्तालय असेल तिथे वाहतूक विभागाचे उपायुक्त आदेश काढतात. आदेश निघाल्यावर पाटी लावणं आणि पट्टे मारणं हे पालिकेचं काम, दंड करणं पोलिसांचं. या साखळीतली एक कडी निसटली की रस्त्यावर गोंधळ होतो. आदेश आहे पण पाटी नाही, पाटी आहे पण पट्टे पुसलेत, पट्टे आहेत पण आदेशाचा पत्ता नाही. तिन्ही नमुने एकाच पेठेत भेटतात.

पाटी लावली आहे, पण तिच्यामागे आदेश आहे का हे कसं कळणार?

विचारायचं. लेखी.

एकेरी वाहतूक किंवा जड वाहनांना बंदी यांसारखे निर्बंध कलम ११५ खाली येतात आणि ते राजपत्रात प्रसिद्ध व्हावे लागतात. निर्बंध महिन्याभराच्या आतला असेल तर राजपत्राची गरज नसते, पण स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी द्यावीच लागते. गणपती, यात्रा, मंत्र्यांचा दौरा, रस्त्याचं काम यांसाठीचे बदल या दुसऱ्या प्रकारचे. घोटाळा होतो तो इथेच: चार दिवसांसाठी लावलेली पाटी कुणी काढत नाही, ती गंजत उभी राहते, आणि दोन वर्षांनी तिच्या जोरावर एखाद्याची पावती फाडली जाते.

माहिती अधिकारातला अर्ज यासाठी उत्तम. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवायचा. महाराष्ट्राच्या नियमांत ही शब्दमर्यादा आहे आणि लांबलचक गाऱ्हाण्याचे अर्ज त्यावरच परत येतात. ‘अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्यावरील पार्किंग मनाईच्या सध्या लागू असलेल्या आदेशाची प्रत मिळावी’ एवढं एक वाक्य पुरतं. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर प्रथम अपील.

पी-१, पी-२ म्हणजे नक्की काय? दर वेळी गोंधळ होतो.

पी-१ ची पाटी असलेल्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. दुकानदारांमध्ये वाटणी समान व्हावी आणि एक बाजू कायम मोकळी राहावी, एवढा साधा हेतू.

घोडं अडतं ते दोन ठिकाणी. एकतीस दिवसांचा महिना संपला की ३१ आणि १ या दोन्ही तारखा विषम, म्हणजे लागोपाठ दोन दिवस एकच बाजू. त्या दिवशी सवयीनं समोर गाडी लावणारे हमखास सापडतात. दुसरं, तारीख रात्री बारा वाजता बदलते. संध्याकाळी नियमानं लावलेली गाडी बारानंतर नियमबाह्य होते. पाटीवर ‘सकाळी ९ ते रात्री ९’ अशी वेळ असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर तशी वेळ आदेशात घालून घ्या, कारण रात्री बाराला उठून गाडी पलीकडे नेणारा माणूस आमच्या तरी पाहण्यात नाही. बिनावेळेची पी-१ पी-२ पाटी लावणाऱ्यानं त्या रस्त्यावर माणसं राहतात हे लक्षात घेतलेलं नसतं.

पाटीच नसेल तर कुठेही लावता येते?

नाही. २०१७ च्या मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियमांनी काही जागा पाटीशिवायच बंद केल्या आहेत. पदपथ, झेब्रा क्रॉसिंग, चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंतचा भाग, कुणाच्या मालमत्तेचं प्रवेशद्वार, वाहतुकीची पाटी झाकली जाईल अशी जागा, आधीच उभ्या असलेल्या गाडीला लागून दुसरी रांग. बसथांबा, शाळा, दवाखान्याजवळ अडथळा होईल अशी गाडी लावणंही त्यातच आलं.

चौकापासून ५० मीटर हा नियम अक्षरशः लावला तर जुन्या पेठांमध्ये पार्किंगला जागाच उरणार नाही, कारण तिथे दोन चौकांत शंभर मीटर अंतर क्वचितच असतं. पोलीसही तो तसा लावत नाहीत. मग निदान कोपऱ्याच्या पहिल्या काही मीटरचा तरी आग्रह धरावा. वळणावर मोठी गाडी उभी असली की बोळातून बाहेर येणाऱ्या दुचाकीस्वाराला मुख्य रस्ता दिसण्यासाठी पुढचं चाक रस्त्यात घालावं लागतं. जुन्या पेठांत आपण जिथे जिथे ‘थोडक्यात वाचलो’ म्हणतो, त्यातल्या बऱ्याच जागा अशा कोपऱ्यांच्या असतात.

माझ्या गेटसमोर रोज कुणीतरी गाडी लावतं. मी स्वतःची ‘नो पार्किंग’ पाटी लावू का?

लावा, विनंती म्हणून. तिला कायद्याचा आधार नाही, पण गेट अडवणं मुळातच मना आहे, त्यामुळे वाहतूक शाखेला फोन करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. उलट बाजूही ऐकून ठेवा: गेटसमोरची जागा येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवायची आहे, ती तुमच्या गाडीसाठी राखलेली नाही. आणि गेटला लागून पुढचे पंधरा फूट तर नाहीच नाही.

दुकानदार दारात कुंड्या, दगड, दोरी, जुने टायर ठेवतात. ते चालतं का?

चालत नाही. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा हटवण्याचा अधिकार पालिकेला आहे. अतिक्रमण विभागाचं पथक येतं, टायर उचलतं, तासाभरात दुसरा टायर येतो. हा खेळ कुंड्या उचलून संपत नाही. रस्त्यावर चौकोन आखून ‘दुचाकी’, ‘चारचाकी’, ‘मालउतार’ असं लिहिलं की कुंडी ठेवायला तोंड राहत नाही. जिथे आखणी स्पष्ट आहे तिथे दादागिरी कमी होते.

व्यापारी म्हणतात पार्किंग काढलं तर धंदा बसेल. खरं आहे का?

या प्रश्नावर प्रत्येक बैठकीत तू तू मैं मैं होते, म्हणून सविस्तर.

भीती खोटी नाही. सणासुदीला लांबून आलेलं गिऱ्हाईक गाडी लावायला जागा मिळाली नाही तर थेट महामार्गाच्या कडेच्या मोठ्या दुकानात जातं, हे व्यापाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण दुकानासमोरची जागा दिवसभर कोण वापरतं, हे कुणी मोजत नाही. सकाळी दहाला शटर वर जातं. मालकाची गाडी लागते, शेजारी दोन कामगारांच्या दुचाकी लागतात आणि त्या रात्री नऊपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाईक दोन चकरा मारतं, शेवटी दुसऱ्या रांगेत गाडी उभी करून ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणत आत शिरतं आणि मागे हॉर्नची रांग लागते.

हिशेब करून पाहा. सकाळी दहा ते रात्री नऊ म्हणजे अकरा तास. एका जागेवर प्रत्येक गाडी अर्धा तास थांबली तर दिवसभरात बावीस गिऱ्हाइकं झाली. तिथे मालकाचीच गाडी उभी राहिली तर एक, आणि तेही गिऱ्हाईक नव्हे. म्हणजे दुकानदाराला खरं तर वेळेची मर्यादा असलेलं पार्किंग हवं असतं, फक्त तो मागताना ‘पार्किंग काढू नका’ एवढंच मागतो.

हे पटवून द्यायचं तर वहीत मांडून दाखवा. शंभर मीटरचा तुकडा घ्यायचा, दर अर्ध्या तासानं फेरी मारायची आणि उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे लिहायचे. जो आकडा ओळीनं आठ-दहा वेळा येतो ती गाडी खरेदीला आलेली नाही. दोन कॉलेजची मुलं एका शनिवारी हे सहज करतात. ही वही बैठकीत टेबलावर आली की चर्चेचा सूर बदलतो, कारण कुणाची गाडी ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. (वही गाड्या मोजायला आहे. आकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून कुणाचा पंचनामा करू नका.)

पायी फिरणाऱ्या गिऱ्हाइकाची ताकद पाहायची तर पुण्याचा लक्ष्मी रस्ता आठवा. २०२१ पासून तिथे ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो आणि रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद ठेवतात. एक दिवसाच्या प्रयोगावरून बाराही महिन्यांचा निष्कर्ष काढू नये. पण गाडी नसली की गिऱ्हाईक येतच नाही, या ठाम समजुतीला तो दिवस तडा देतो.

रस्ता एवढा रुंद आहे. दोन्ही बाजूंना पार्किंग का देत नाहीत?

फूटपट्टी घ्या. चारचाकीची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरतात. समजा डांबरी रस्ता नऊ मीटरचा आहे. दोन्हीकडे गाड्या लागल्या की पाच मीटर गेले, उरले चार. एसटी आणि अग्निशमन दलाचा बंब दोन्ही साधारण अडीच मीटर रुंद असतात. समोरासमोर आल्या की एकीला मागे यावं लागतं. एकाच बाजूला पार्किंग दिलं तर साडेसहा मीटर राहतात आणि दोन बस जपून पार होतात. नऊ मीटरच्या दुतर्फा रस्त्यावर दोन्हीकडे पार्किंग देणं म्हणजे तो एकेरी करणं, फक्त पाटी न लावता.

दुचाकीचं गणित निराळं. एका मोटारीच्या पाच मीटर लांबीत पाच दुचाक्या सरळ लागतात. म्हणून बाजारपेठेत दुचाकीला आतली जागा आणि चारचाकीला थोडी लांबची, ही वाटणी आम्हाला न्याय्य वाटते. चारचाकीवाले नाराज होतात. व्हावं.

पे अँड पार्कला लोक इतका विरोध का करतात?

कारण पावती फाडणारा ठेकेदार दिसतो आणि पैसे कुठे गेले ते दिसत नाही. पुण्यात २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेनं पार्किंग धोरण मंजूर केलं, पण विरोधामुळे ते आधी पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून करायचं ठरलं. एवढ्या मोठ्या शहरात भिजत घोंगडं पडतं, तर छोट्या गावात नगरसेवक त्या वाटेला जात नाहीत यात नवल नाही.

तरीही आमचं मत शुल्काच्या बाजूचं आहे, दोन अटींवर. पहिला अर्धा तास फुकट असावा, आणि जमा झालेला पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर आणि दिव्यांवर खर्च झाल्याचं पालिकेनं तिथल्याच फलकावर लिहावं.

फेरीवाले हटवले की सगळं सुटेल ना?

नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र आणि विक्रीची क्षेत्रं ठरवणं असा क्रम आहे. हे नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्यानं करायचं, आणि या समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावे लागतात. क्रम सोडून केलेली कारवाई दोन दिवस टिकते. शिवाय भाजीची एक पाटी चौरस मीटरभर जागा घेते आणि तिच्याशेजारी उभी असलेली मोटार बारा-साडेबारा चौरस मीटर. बैठकीत बोट कायम भाजीच्या पाटीकडेच जातं.

आमच्या गल्लीत गतिरोधक हवाय. नगरसेवकाला सांगितलं की झालं?

बऱ्याचदा तसंच होतं, आणि म्हणूनच आपल्याकडचे गतिरोधक असे आहेत.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोलाकार गतिरोधकाचं माप दिलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास गाडी आरामात पार व्हावी, असा हिशेब आहे. म्हणजे जवळजवळ बारा फूट रुंद, हळूच चढणारा आणि हळूच उतरणारा. आपल्याकडे रात्रीतून डांबराचा दीड-दोन फुटांचा उंचवटा ओततात. त्यावर रिक्षातल्या गरोदर बाईला धक्का बसतो, म्हाताऱ्या माणसाची पाठ धरते आणि तरुण मुलगा कडेच्या फटीतून वेग न सोडता निघून जातो. ज्याच्यासाठी तो बांधला तोच सुटतो.

पिवळ्या-काळ्या तयार पट्ट्यांचं वेगळंच दुखणं. ते बोल्टनं ठोकतात. एक पावसाळा गेला की मधले दोन-तीन तुकडे उखडतात आणि बोल्टची गंजलेली टोकं डांबरातून बोटभर वर राहतात. दिवसा ती दिसत नाहीत, रात्री टायरला सापडतात. असे बोल्ट दिसले तर फोटो काढून पालिकेच्या बांधकाम विभागाला त्याच दिवशी पाठवा. हे काम निविदेशिवाय होणारं आहे.

अर्ज करताना वेग कशामुळे वाढतो तेही लिहा. उतार आहे का, समोर शाळा आहे का, दिवा बंद आहे का? अजिंक्यताऱ्याच्या अंगाकडून खाली येणाऱ्या उताराच्या रस्त्यांवर गतिरोधकाच्या आधी पुरेशा अंतरावर सूचना फलक आणि रंगवलेले पट्टे हवेतच, नाहीतर पावसात ब्रेक दाबून घसरणाऱ्यांची भर पडते.

शहरात वेगमर्यादा किती असते?

ऐकून धक्का बसेल. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल ७०, दुचाकीला ६० आणि तीनचाकीला ५० अशी मर्यादा आहे. राज्य किंवा स्थानिक यंत्रणा ती कमी करू शकते. म्हणजे ‘इथे ३०’ असा आदेश आणि पाटी नसेल, तर मोती चौकाजवळ साठनं जाणाऱ्या दुचाकीला केवळ वेगमर्यादेवरून अडवणं कठीण. बेदरकार चालवण्याचं कलम वेगळं आहे, पण ते सिद्ध करायला त्रास पडतो. जुन्या पेठांसाठी ३० ची मागणी एकदा सगळ्या पेठांनी मिळून करण्यासारखी आहे.

शाळा सुटताना रोज कोंडी होते. त्यावर काही उपाय?

कोंडी करणारे बहुतेक आपणच पालक असतो. रिक्षा, व्हॅन आणि स्कूटर एकाच दहा मिनिटांत एकाच फाटकाशी येतात. वर्गांच्या सुटण्याच्या वेळेत पंधरा मिनिटांचा फरक ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्याला ना पालिकेचा ठराव लागतो ना पोलिसांचा आदेश. मुख्याध्यापकांना भेटा.

आणि क्लासला जाणाऱ्या पोराच्या हातात गाडी देणाऱ्यांसाठी: २०१९ नंतर कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘जवळच तर जायचंय’ हा बचाव कायद्यात नाही.

पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर झाला. मग अजून कोंडी कशी?

२०२१ पासून भुयारी मार्ग सुरू आहे आणि नाक्यावर एकमेकींना छेदणाऱ्या गाड्या त्यानं कमी केल्या, हे मान्य. पण तो गाड्यांना नाक्यातून बाहेर काढतो, पुढे त्या थांबणार त्याच बाजारपेठेत. चौकाची क्षमता वाढली आणि पुढच्या रस्त्याच्या दोन्ही कडा उभ्या गाड्यांनी व्यापलेल्या असल्या, तर कोंडी थोडी पुढे सरकते. त्यात २०२० च्या हद्दवाढीनं शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग पालिकेत आला. तिथला माणूस कामाला, दवाखान्याला, बाजाराला रोज आत येतो, आणि वेळेवर सिटी बस नसेल तर स्वतःची गाडी काढतो. पार्किंगच्या तक्रारीचं मूळ पुष्कळदा बसच्या वेळापत्रकात सापडतं.

माझी गाडी उचलून नेली. त्यांना तसा अधिकार आहे का?

कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस पडलेली गाडी हलवता किंवा चाक अडकवून जाम करता येते, पण तो हुकूम गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानं द्यायला हवा. क्रेनवरच्या पोरांनी परस्पर उचलायची नाही. ओढून नेण्याचा खर्च मालकाकडून घेतात आणि दंड वेगळा: कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये, पुढच्या वेळी १,५०० पर्यंत.

चलन चुकीचं वाटलं तर ‘महाट्रॅफिक’ अॅपवर हरकत घेता येते. चलनातला फोटो नीट पाहा. फोटोत पाटी किंवा पट्टा दिसतो का, जागा ओळखू येते का, हे मुद्दे कामाला येतात. ‘बाकीच्यांना का सोडलं’ हा मुद्दा कामाला येत नाही.

आमच्या चौकात इतके अपघात होतात, तरी तो ‘ब्लॅक स्पॉट’ का नाही?

केंद्रीय रस्ते मंत्रालयाची राष्ट्रीय महामार्गासाठीची व्याख्या अशी: सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. गावातल्या चौकात हात मोडतो, गुडघा फुटतो, दोघं आपसात मिटवून घरी जातात. नोंदच होत नाही. कागदावर तो चौक सुरक्षित राहतो.

म्हणून किरकोळ अपघाताचीही तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा, नावं नकोत. चौकातल्या चहाच्या टपरीवर किंवा पंक्चरवाल्याकडे ही माहिती सरकारी दप्तरापेक्षा पक्की असते. अशी यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या. पोलीस, आरटीओ, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि पालिका हे सगळे एका टेबलाशी बसतात अशी ती जागा आहे, आणि तिथे टोलवाटोलवी जरा अवघड जाते. रस्ता पालिकेचा की बांधकाम विभागाचा हा वादही तिथेच मिटवून घ्या.

खड्ड्यामुळे अपघात झाला तर भरपाई मिळते?

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या गटारांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. खड्ड्याचा त्याच दिवशीचा फोटो आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जाण्याची शक्यता अशा वेळी फार असते.

अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल का?

नाही. कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. १०८ ला फोन करा, जखमीला हलवा. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता होतात, त्यामुळे ‘पैसे कोण भरणार’ म्हणून थांबू नका.

उतारावर गाडी लावताना काय काळजी घ्यायची?

हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवा. चाकाखाली दगड लावणार असाल तर निघताना तो उचलून बाजूला टाका. रस्त्याच्या मधोमध राहिलेला तो दगड रात्री दुचाकीवाल्याला दिसत नाही.

बदल सुचवायचा आहे. अर्ज कसा लिहू आणि कुणाला देऊ?

एका पानात. जागा कुठून कुठपर्यंत, अडचण कोणत्या वेळी, सुचवलेला बदल नेमका काय, आणि त्यानं कुणाची गैरसोय होईल. हा शेवटचा मुद्दा लोक टाळतात, पण तो लिहिलेला अर्ज अधिकारी गंभीरपणे वाचतात. सोबत हातानं काढलेला नकाशा आणि तीन-चार फोटो. मूळ अर्ज शहर वाहतूक शाखेला, प्रती मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला.

मागताना कायमचा बदल मागू नका, तीस दिवसांचा प्रयोग मागा. व्यापारी तयार होतात, अधिकाऱ्यांनाही सोपं जातं. प्रयोगाच्या आदेशात हरकती-सूचना कुठे आणि किती तारखेपर्यंत द्यायच्या हे लिहिलेलं असावं. बाजूचे लोकही हरकत घेतील, घेऊ द्या.

प्रयोग जमला की फसला हे कोण ठरवणार?

आधी मोजलं नसेल तर ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो. म्हणून प्रयोगाच्या आधी एक शनिवार आणि एक मंगळवार, आणि प्रयोग सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर पुन्हा तेच दोन वार मोजा: दुसऱ्या रांगेत किती गाड्या उभ्या राहिल्या, एसटीला तो तुकडा पार करायला किती मिनिटं लागली, रस्ता ओलांडायला म्हातारी माणसं किती वेळ ताटकळली. पहिल्या आठवड्याचे आकडे धरू नका, तेव्हा पोलीस उभा असतो.